महाराणी सिसीवरच्या सिरीजमधल्या बंदुका कितपत खऱ्या?

निशाचर_प्रेक्षक

मंडळी, ऑस्ट्रियाची महाराणी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, आणि तिचा नवरा सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्यावरची एक सिरीज सध्या रात्री जागून बघतोय. नाव मुद्दाम टाकत नाही नाहीतर धागा हिरॉइन कशी दिसते यावर जाईल आणि मग मूळ प्रश्न राहील बाजूला. कपडे, महाल, बग्ग्या सगळं एक नंबर आहे, पैसा ओतलाय हे दिसतं. पण बंदुका आल्या की मला उगाच काहीतरी खटकायला लागतं. मी काही जाणकार नाही पण इथे त्यातले दर्दी आहेत हे माहितीये म्हणून विचारतो.

पहिल्याच भागात 1853 साली सम्राटावर हल्ला होतो, तर तिथे तो पोरगा कोटातून पिस्तूल काढतो आणि नेम चुकतो असं दाखवलंय. खरंच असं झालं होतं का? मग महालात जे पहारेकरी उभे आहेत त्यांच्या बंदुकीचा क्लोजअप येतो त्यात घोड्याच्या जबड्यात चक्क गारगोटीचा तुकडा दिसतो. 1854 सालात चकमकीच्या बंदुका चालू होत्या? मला वाटायचं तो नेपोलियनचा काळ, म्हणजे चाळीस पन्नास वर्षं आधीचा.

आणि सगळ्यात जास्त डोक्यात गेलं ते सोल्फेरिनोच्या लढाईत. पांढऱ्या कोटातला सैनिक बंदूक उडवतो, कॅमेरा सम्राटाच्या चेहऱ्यावर जातो, परत येतो तर तोच सैनिक पुन्हा उडवतोय, मध्ये पाचेक सेकंद गेले असतील नसतील. भरली कधी बाबा? धूर पण जेमतेम, उदबत्ती लावल्यासारखा. त्याच लढाईत एक अधिकारी रिव्हॉल्वर काढतो, त्याचं चक्र झटक्यात बाजूला उघडतो, गोळ्या बघतो आणि मनगटाच्या हिसक्याने बंद करतो. स्टाईल भारी आहे पण 1859 ला असलं रिव्हॉल्वर होतं का?

शिवाय सिसी घोडा चौखूर सोडून दुनळी बंदुकीने हरीण पाडते, ते तर मी मोजतच नाही.

कुणी सविस्तर सांगेल का. लिंका नकोत, इथेच लिहा.

बुधवारचा_बुध्या

मालिका बघताना बंदुकीचा घोडा बघणारे तुम्ही एकटेच नाही हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी मला "गप बस आणि बघ" असं सांगून झालंय. धागा बुकमार्क करून ठेवतो, ठासणीवाला येतील बघा आत्ता, त्यांना वास लागतोच.

ठासणीवाला

आलो. बुध्या, आभार.

निशाचरराव, तुमचं खटकणं बरोबर आहे, जवळजवळ सगळंच. एकेक घेतो पण क्रम माझा.

आधी हल्ला. 18 फेब्रुवारी 1853, व्हिएन्नाच्या जुन्या तटबंदीवर सम्राट फिरायला गेला होता. वय बावीस. तटावरून वाकून खाली कवायत करणारे सैनिक बघत असताना यानोस लिबेनी नावाचा हंगेरियन शिंप्याचा कारागीर मागून आला आणि मानेत सुरा मारला. सुरा! पिस्तूल नाही. लष्करी गणवेशाची कॉलर कडक आणि जाड असायची, तिच्यामुळे वार नीट लागला नाही आणि सम्राट वाचला. सोबतच्या ओ'डोनेल नावाच्या अधिकाऱ्याने तलवार उपसून लिबेनीला आडवा केला, एक खाटीकही मदतीला धावला. आठवड्याभरात लिबेनीला फाशी. सम्राट वाचला म्हणून त्याचा भाऊ मॅक्सिमिलियनने वर्गणी गोळा करून व्हिएन्नात चर्च बांधायला घेतलं, ते वोटिव्हकिर्शं आजही उभं आहे. आता हा प्रसंग आहे तसाच दाखवला असता तर काय बिघडलं असतं, उलट जास्त भीषण झाला असता. पण पिस्तूल म्हटलं की आवाज होतो, लोक किंचाळतात, दिग्दर्शकाचं काम सोपं होतं.

शिवाय सुरा का, याला कारण आहे. त्या काळचं खिशात मावेल असं पिस्तूल म्हणजे एका नळीला एक बार. चुकला की संपलं, आणि बार फुसका निघायची भीती कायमचीच. राजेलोकांवर पिस्तुलाने झालेल्या हल्ल्यांचा इतिहास बघा, व्हिक्टोरिया राणीवर 1840 ला ऑक्सफर्ड नावाच्या पोराने दोन पिस्तुलं झाडली, दोन्ही वाया. 1842 ला बीन म्हणून एक होता त्याच्या पिस्तुलात निम्म्याहून जास्त कागद आणि तंबाखूच भरलेली निघाली. उलट स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव्हला 1792 साली मुखवट्यांच्या नाचात मारलं तेव्हा मारेकऱ्याने अगदी पाठीला टेकून पिस्तूल झाडलं आणि नळीत गोळ्यांसोबत छर्रे आणि खिळे पण भरले होते, तरीही राजा जागेवर गेला नाही, तेरा दिवसांनी गेला.

आता चकमकीचा मुद्दा. 1854 ला ऑस्ट्रियन पहारेकऱ्याकडे गारगोटीची बंदूक दाखवणं चूक, पण ही चूक कशी होते ते मजेशीर आहे. बाकीच्या युरोपने चकमक सोडून टोपीची बंदूक घेतली, म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी, आत स्फोटक, ती नळीला जोडलेल्या पोकळ बोंडीवर बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी थेट आत. ऑस्ट्रियाने मात्र तिसराच मार्ग काढला. मिलानच्या जुझेप्पे कोन्सोले याची युक्ती होती, ती नंतर ऑगस्टिन नावाच्या अधिकाऱ्याने सुधारली आणि 1842 ची ऑगस्टिन बंदूक झाली. यात टोपी नाही, बारीक पितळी नळकांडं. ते बंदुकीच्या कानाशी खाचेत ठेवायचं, वरून झाकण दाबायचं, घोडा झाकणावर आपटतो, आतलं स्फोटक पेटतं. फायदा असा की जुन्या चकमकीच्या बंदुका फेकाव्या लागत नाहीत, रंजक म्हणजे ठिणगी धरणारी चिमूटभर दारू, ती ठेवायचा प्याला होता त्याच जागी ही व्यवस्था बसते. बचत! त्यामुळे ही बंदूक लांबून बघितली तर चकमकीचीच वाटते. 1848-49 च्या क्रांतीच्या धामधुमीत ऑस्ट्रियन पायदळाच्या हातात मुख्यतः हीच होती. पण गारगोटी मात्र नाही, आणि तुम्हाला क्लोजअपमध्ये गारगोटी दिसली असेल तर ती सरळ नेपोलियनच्या काळातल्या सिनेमाच्या गोदामातून आलेली आहे.

आणि मुळात महालाच्या आतल्या दालनात उभे राहणारे ट्राबांटेन गार्ड. त्यांच्या हातात बंदूक नसायचीच, परशू लावलेले लांब भाले असायचे. ते दाखवले असते तर स्वस्तात पडलं असतं आणि दिसलंही भारी असतं.

रिव्हॉल्वर. चक्र बाजूला उघडणारं रिव्हॉल्वर बाजारात रुळलं ते 1889 च्या कोल्टपासून. म्हणजे तुमच्या अधिकाऱ्याने तीस वर्षं पुढचं हत्यार काढलं. 1859 ला रिव्हॉल्वर नव्हतं असं नाही हां. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्टने आपली रिव्हॉल्वरं मांडली होती, तिथेच इंग्लंडचं अ‍ॅडम्सचंही होतं, आणि कोल्ट महाशय इतके चलाख की रशियाच्या झारला, तुर्कस्तानच्या सुलतानाला सोन्याच्या नक्षीची रिव्हॉल्वरं नजर करत फिरले, म्हणजे ऑर्डरी मिळाव्यात. तेव्हा एखाद्या श्रीमंत ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने असलं विकत घेतलं असेल तर शक्य आहे. पण ते उघडत नाही! प्रत्येक खाचेत पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने दाबून बसवायची, वर चरबी लावायची म्हणजे एकाची ठिणगी शेजारच्या खाचेत जाऊन सगळे बार एकदम उडायला नकोत, आणि मग मागून सहा बोंड्यांवर सहा टोप्या. लढाईच्या मध्ये हे करत बसायला कुणाला वेळ आहे. फ्रेंचांनी मात्र लफोशोचं पिनवालं काडतूस घेऊन 1858 ला आपल्या आरमारात रिव्हॉल्वर आणलं, त्यात तयार धातूची काडतुसं. तेही बाजूला उघडत नाही, मागच्या बाजूच्या फटीतून एकेक घालायची. ऑस्ट्रियन लष्कराचं स्वतःचं प्रसिद्ध रिव्हॉल्वर म्हणजे गासर, ते 1870 चं. केवढं धूड, 11 मिलिमीटर कॅलिबर, घोडदळासाठी होतं, कार्बाइनचंच लांब काडतूस त्यात जायचं.

सोल्फेरिनोवर वेगळं लिहितो, हात दुखला.

ठासणीवाला

हां, सोल्फेरिनो. 24 जून 1859, उत्तर इटलीत ऑस्ट्रियासमोर फ्रेंच. तिथे ऑस्ट्रियन पायदळाकडे 1854 ची लोरेन्झ रायफल होती, 13.9 मिमी, टोपीवाली, ठासणीची पण नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, असलेली. चांगली बंदूक होती राव. इतकी चांगली की अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेने दोन लाखांहून जास्त विकत घेतल्या आणि दक्षिणेनेही घेतल्या.

भरायची पद्धत अशी: कागदी पुडी कमरेच्या पेटीतून काढायची, दाताने फाडायची, दारू नळीत, मग गोळी, गज काढून ठासायचं, गज परत जागेवर (घाईत हा नळीतच राहतो आणि गोळीबरोबर उडून जातो, मग बसा काठी घेऊन), घोडा अर्धा ओढायचा, टोपी बसवायची, घोडा पूर्ण, नेम, चाप. शिकलेला माणूस मिनिटाला दोन, फार तर तीन बार. उभ्यानेच भरायला लागतं कारण आडवं पडून एवढी लांब नळी ठासता येत नाही. म्हणजे वीस पंचवीस सेकंद सैनिक उघड्यावर उभा, हातात निरुपयोगी काठी. हे वीस सेकंद कुठलीच सिरीज दाखवत नाही. माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे, मॉडेल चुकलं तर मी सोडून देईन, पण ते थांबणं कापून टाकलं की लढाई का हरली तेच कळत नाही.

कारण फ्रेंचांनी नेमकं त्याच वीस सेकंदात धावून संगिनी घातल्या. लोरेन्झची गोळी कमानीत जायची, त्यामुळे अंतराचा अंदाज नीट घेऊन साइट लावली नाही तर गोळी डोक्यावरून. रायफली बऱ्याच पलटणींना नुकत्याच मिळाल्या होत्या, तालीम अपुरी. फ्रेंच जवळ येत गेले आणि ऑस्ट्रियन वरून मारत राहिले. वर फ्रेंचांच्या तोफाही नव्या, आटेवाल्या.

आणि धूर! काळ्या दारूचा पांढरा दाट धूर, वारा नसला तर चार सलामीत (सगळ्यांनी एकदम बार काढले की एक सलामी) समोरचं दिसत नाही. बिनधुराची दारू 1884 ला फ्रान्सच्या व्हिएलने काढली, त्याआधीच्या कुठल्याही प्रसंगात धूर नसेल तर ते चूक, डोळे झाकून सांगा.

निशाचर_प्रेक्षक

बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं, दंडवत घ्या. म्हणजे हल्ल्यातलं पिस्तूलच खोटं होतं, आणि मी ते पिस्तूल बरोबर मॉडेलचं आहे का ते बघत बसलो होतो :)

एक शंका. मग हे लोक बरोबर बंदुका का वापरत नाहीत? एवढा पैसा खर्च करतात तर एक जाणकार माणूस ठेवायला काय होतं? आणि सिसीच्या शिकारीबद्दल कुणीच बोललं नाही.

व्लताव्हाकाठी

मी प्राग जवळ राहतो, इथून साधारण शंभर किलोमीटरवर ह्रादेत्स क्रालोवे आहे, जर्मनमध्ये कोनिगग्रेट्झ, 1866 ची ऑस्ट्रिया विरुद्ध प्रशिया ती प्रसिद्ध लढाई. तिथे ख्लुम नावाच्या टेकडीवर संग्रहालय आणि मनोरा आहे आणि जुलैत हौशी लोक गणवेश घालून लढाई परत करून दाखवतात. मी बघून आलोय म्हणून दोन गोष्टी सांगू शकतो.

एक म्हणजे जाणकार माणूस असतो हो, बहुतेक वेळा असतोच, त्याला आर्मरर म्हणतात, पण त्याच्या हातात जे असतं तेच तो देणार. खरी जुनी बंदूक सेटवर कुणी देत नाही, मग उरतात नकला, आणि त्या इटलीत ब्रेशाजवळच्या खोऱ्यात बनतात, पेडरसोली, उबेर्ती, पिएत्ता वगैरे. आता नक्कल ती बनते जी विकली जाते. अमेरिकन यादवीची इंग्लिश एनफील्ड, नेपोलियनची फ्रेंच मस्केट, कोल्टची रिव्हॉल्वरं यांना गिऱ्हाईक भरपूर. लोरेन्झची नक्कल पेडरसोलीने काढली तीसुद्धा अगदी अलीकडे. पण ठासणीवालांची ती नळकांड्याची ऑगस्टिन बंदूक दुकानात मिळायची मारामार, मग आर्मरर म्हणतो चकमकीची लावून टाका, लांबून सारखीच दिसते, आणि नेमका तिथेच कॅमेरामन क्लोजअप घेतो. जुन्या हॉलिवूडमध्ये तर याच्या उलट चालायचं, काडतुसाच्या मागून भरायच्या स्प्रिंगफील्ड बंदुकांना वरून खोटा चकमकीचा घोडा बसवून अठराव्या शतकातल्या म्हणून खपवायचे, कारण ब्लँक काडतूस पटकन भरता येतं आणि पावसातही उडतं.

दुसरं, धुराचं. ख्लुमला मी बऱ्यापैकी लांब उभा होतो, दोरीच्या मागे. पहिली सलामी झाली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. तिसऱ्या चौथ्या सलामीनंतर फोटोत नुसतं पांढरं, मधून संगिनींची टोकं वर आलेली आणि कुणीतरी जर्मनमध्ये ओरडतोय. कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास कपड्यांना संध्याकाळपर्यंत. एक हौशी सैनिक जवळ येऊन उभा राहिला त्याचे ओठ आणि हनुवटी काळीकुट्ट, पुड्या दाताने फाडून फाडून. त्याच्या अंगठ्याला टोप्या बसवताना भाजलेलं होतं. आता सांगा, सिरीजमधल्या हिरोची हनुवटी काळी करायला कुठला निर्माता तयार होईल? आणि धूर खरा केला तर ज्या नटाला एवढे पैसे दिले तोच दिसणार नाही. त्यामुळे मी त्यांना थोडी माफी देतो. पाच सेकंदात दोन बार मात्र माफ नाही, ते एडिटिंगचं पाप आहे, भरतानाचे दोन शॉट मध्ये घालायला पैसे लागत नाहीत.

गनिमी_कावेबाज

वरचं सगळं छान पण ठासणीवालांशी थोडा असहमत, किंवा असं म्हणू की त्यांची पुढची पायरी राहिली. बंदुकीमुळे लढाई हरली हे वाक्य जपून वापरावं.

1859 ला हरल्यावर ऑस्ट्रियन सेनापतींनी निष्कर्ष काय काढला? की फ्रेंच संगिनी घेऊन धावले म्हणून जिंकले, तर आपणही धावायचं. रायफलीची तालीम वाढवायच्या ऐवजी दाट रांगा करून अंगावर जायचं, याला त्यांनी रीतसर धोरण बनवलं. आणि सात वर्षांनी, 3 जुलै 1866 ला, समोर प्रशियन होते ज्यांच्याकडे ड्रायझेची सुईवाली बंदूक. ही मागून भरायची, कागदी काडतुसाला आरपार भोसकून लांब सुई आतल्या टोपीवर आपटते. मिनिटाला पाच किंवा जास्त बार आणि मुख्य म्हणजे आडवं पडून भरता येते. म्हणजे फ्रेंचांचा धडा शिकून हे लोक नेमके अशा शत्रूवर धावून गेले ज्याला ते वीस सेकंद लागतच नव्हते. स्वीपवाल्ड नावाच्या जंगलात ऑस्ट्रियन बटालियनमागून बटालियन आत गेली आणि कापली गेली. दिवसअखेर ऑस्ट्रियाचे मेलेले, जखमी, बेपत्ता आणि कैदी धरून चाळीस हजारांवर, प्रशियाचे नऊ हजारांच्या आसपास.

पण गंमत बघा, लोरेन्झचा पल्ला ड्रायझेपेक्षा जास्त होता! ड्रायझेच्या मागून गरम वायू सुटायचा, सैनिक गालाला लावून नेम धरायला बिचकायचे, सुया मोडायच्या. ऑस्ट्रियाच्या तोफा तर त्या दिवशी प्रशियापेक्षा सरस होत्या, ख्लुमच्या तोफखान्याने माघारीच्या वेळी जे केलं त्याचं स्मारक व्लताव्हाकाठींनी पाहिलंच असेल. लांबून लढले असते तर चित्र वेगळं असतं. आणि ड्रायझे काही गुपित नव्हतं, प्रशियाने ती 1841 ला स्वीकारली होती, ऑस्ट्रियाने तिची चाचणीही घेतली होती आणि नको म्हटलं होतं, एक आक्षेप असा की एवढ्या वेगाने बार काढता आले तर सैनिक दारूगोळा उधळतील. त्या वेळी ही भीती बऱ्याच देशांच्या लष्करात होती, एकट्या व्हिएन्नाला मूर्ख म्हणायचं कारण नाही. खजिन्यात खडखडाट हे दुसरं कारण.

हरल्यावर मात्र घाई. जुन्या लोरेन्झ मागून उघडून वेन्झल पद्धतीने काडतुसाच्या केल्या आणि 1867 पासून वेर्न्डलची नवी बंदूक. स्टायर गावातला तो कारखाना पुढे मानलिखर रायफलींमुळे जगभर गेला.

ठासणीवाला

गनिमी, असहमती कुठे आहे यात? मी तर तालीम अपुरी हेच लिहिलं होतं. पण धोरणाचा मुद्दा मस्त, तो माझ्याकडून राहिला. पल्ल्याबद्दल +१.

फक्त एक, "तोफा सरस होत्या तर लांबून लढायचं" हे खुर्चीत बसून बोलायला ठीक. दुपारनंतर प्रशियाचा युवराज दुसरी फौज घेऊन बगलेवर आला, तेव्हा लांबून काय आणि जवळून काय.

गनिमी_कावेबाज

हाहा, मान्य. खुर्ची आरामदायी आहे.

कावेरी_क

निशाचर, तुमचा शिकारीचा प्रश्न मी घेते कारण बाकी मंडळींना माणसं मारायच्या बंदुकांतच रस दिसतोय.

सिसी घोडेस्वार म्हणून खरोखर अफाट होती. 1870 आणि 80 च्या दशकात ती इंग्लंड-आयर्लंडला मुद्दाम कोल्ह्याच्या शिकारीला जायची आणि भलेभले पुरुष मागे राहायचे. पण त्या शिकारीत बंदूक नसते! कुत्रे कोल्ह्याच्या मागे आणि स्वार कुत्र्यांच्या मागे, कुंपणं आणि नाले उड्या मारून ओलांडायचे. तिला मजा पळण्याची होती. चौखूर घोड्यावरून, तेही बाजूला पाय टाकून बसायच्या खोगिरावर, दुनळीने हरीण पाडणं हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं आहे.

बंदुकीचा शौक तिच्या नवऱ्याला. बाड इश्लला त्यांचा उन्हाळी बंगला आहे, काइझरव्हिला, जिथे ऑगस्ट 1853 ला त्यांचं लग्न ठरलं त्याच गावात. भिंतीच भिंती शिंगांनी भरलेल्या, शॅमॉय म्हणजे ती आल्प्समधली डोंगरी शेळीसारखी असते तिची शिंगं. सम्राटाने मारलेली दोन हजारावी शॅमॉय पेंढा भरून ठेवलीय. मला ते बघवत नाही पण सम्राट साधासुधा शिकारी नव्हता हे नक्की. तो पुतण्या फ्रान्झ फर्डिनंड, त्याने तर कहरच केला होता, त्याच्या नोंदवहीत पावणेतीन लाखांच्या घरात प्राणी-पक्षी आहेत.

आणि बाई गेली कशाने? दहा सप्टेंबर 1898, जिनिव्हाला बोटीकडे चालत जात असताना लुइजी लुकेनी नावाच्या इटालियन अराजकवाद्याने छातीत कानस खुपसली. घासून टोकदार केलेली, चार इंचाची. त्याला खंजीर घ्यायचा होता, पैसे नव्हते. तिचा कमरपट्टा इतका घट्ट आवळलेला होता की रक्त बाहेर आलं नाही आणि ती चालत बोटीवर चढली, मग कोसळली. म्हणजे नवऱ्यावर सुरा, बायकोवर कानस. सिरीजवाल्यांनी शेवटच्या भागात लुकेनीच्या हातातही रिव्हॉल्वर दिलं तर मी टीव्ही फोडीन.

बुधवारचा_बुध्या

ताई, टीव्ही फोडू नका, तो महाग आहे, कानस स्वस्त.

पण या घराण्यात गोळीने कुणी गेलंच नाही का मग?

ठासणीवाला

बुध्या, गेले की. तीन तरी मोठी नावं.

मॅक्सिमिलियन, तोच वर्गणी गोळा करणारा धाकटा भाऊ, नेपोलियन तिसरा याच्या नादी लागून मेक्सिकोचा सम्राट झाला आणि 19 जून 1867 ला केरेतारोला त्याला दोन सेनापतींसोबत भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या. पहिल्या सलामीत तो मेला नाही, नंतर जवळून गोळी घालावी लागली. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने या प्रसंगाची चित्रं काढली त्यात उजवीकडे एक सैनिक बाजूला उभा राहून शांतपणे बंदूक तयार करतोय, तो त्याच शेवटच्या गोळीसाठी. बंदुकीबद्दल इतकं खरं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि चित्रकार तिथे नव्हताही.

मग युवराज रूडॉल्फ, 30 जानेवारी 1889, मायरलिंगची शिकारीची कोठी, सतरा वर्षांची मारी व्हेत्सेरा आणि तो, रिव्हॉल्वर. दरबाराने आधी हृदयविकार सांगितलं.

आणि 1914 ला सारायेव्होत फ्रान्झ फर्डिनंडचा खून झाला ते सगळ्यांना माहीत आहे, पण पिस्तूल कुठलं हे बऱ्याच लेखांत चुकीचं असतं. ते बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं 1910 चं ब्राउनिंग, 9 मिमी शॉर्ट काडतुसाचं, खिशात सहज मावणारं. जुन्या लेखांत 1900 चं मॉडेल किंवा 7.65 कॅलिबर सापडतं. खरं पिस्तूल आता व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात, ती गोळी लागलेली गाडी आणि फ्रान्झ फर्डिनंडचा रक्ताळलेला निळा कोट यांच्याच दालनात. ते संग्रहालय ज्या आर्सेनाल इमारतींमध्ये आहे ती 1848 च्या क्रांतीनंतर शहराला धाक म्हणून बांधली, त्यात बंदुकांचा कारखानासुद्धा होता. म्हणजे निशाचर, तुमच्या सिरीजच्या काळातच ती उभी राहत होती.

लिबेनीच्या एका नळीच्या जमान्यापासून साठ वर्षांत खिशातलं हत्यार कुठे पोचलं बघा. सारायेव्होच्या मारेकऱ्याने, प्रिन्सिपने, दोन गोळ्या झाडल्या, मध्ये काहीही भरायला लागलं नाही.

निशाचर_प्रेक्षक

मंडळी, सिरीजपेक्षा धागा भारी झाला. दुसरा सीझन 1866-67 चा आहे असं ट्रेलरमध्ये दिसतंय. काय काय बघू ते सांगून ठेवा, मी पॉज करून बघणार आहे.

गनिमी_कावेबाज

प्रशियन सैनिक आडवे पडून बंदूक भरताना दिसले तर समजा अभ्यास केलाय. उभ्याने गज ठासताना दिसले तर बंद करून झोपा. मागची मूठ वर उचलून मागे ओढली की आत पांढरी कागदी पुडी सरकवतात, पितळी काडतूस चमकलं तर तेही चूक.

व्लताव्हाकाठी

आणि हनुवटी बघा, ऑस्ट्रियन लोकांची.

कावेरी_क

8 जून 1867 चा हंगेरीतल्या बुडाचा राज्याभिषेक येणार, त्यात बंदुकांचं काम फक्त सलामीपुरतं. फ्रान्झ जोसेफ घोड्यावरून टेकाडावर चढतो आणि तलवार चारी दिशांना फिरवतो, ते नीट दाखवतात का ते बघा. इकडे हा सोहळा चालू होता तेव्हा मेक्सिकोत भाऊ कैदेत होता आणि अकरा दिवसांत त्याला गोळ्या घातल्या, ही बातमी व्हिएन्नाला पोचेपर्यंत सिरीजवाले थांबतात का हाही एक प्रश्नच आहे.